हँडहेल्ड जीपीएससाठी कुठली केस घ्यावी: वापरून बनलेलं मत

हँडहेल्ड जीपीएसच्या केसचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, 'पडलं तर वाचेल का?' माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. रानात आणि डोंगरात वापरायची यंत्रं मुळातच दणकट असतात. गार्मिनचं ईट्रेक्स २० किंवा जीपीएसमॅप ६४ घ्या. दोन्हींना आयपीएक्स७ दर्जा आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी शिरू नये अशी बांधणी. कडेला रबर, स्क्रीन किंचित आत बसवलेली, बटणं जाड. असं यंत्र हातातून निसटून मातीत पडलं तर उचलायचं, पुसायचं आणि पुढे चालायचं.

या यंत्रांचे हाल होतात ते बॅगेत. सुटे सेल स्क्रीनवर घासतात, चार्जरची धातूची पिन टेकून बसते, यंत्र गाडीच्या काचेवर बसवायच्या माउंटचा कडक गोळा दाबला जातो, यंत्राला बांधायचा ओला दोर तसाच गुंडाळून आत जातो. यंत्राला खरा धोका त्याच्याच सामानापासून असतो. म्हणून केस बघताना मी आधी आतली मांडणी बघते आणि बाहेरचं कवच नंतर. दुकानात उलटं चालतं. कवचावर टकटक करून कडकपणा दाखवतात, आणि आत मात्र एकच मोकळी पोकळी असते.

माझं काम वनस्पतींच्या नोंदींचं. पायी फिरायचं, झाड किंवा झुडूप सापडलं की त्या जागेचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पुढच्या ऋतूत त्याच जागी परत जायचं. त्यामुळे माझ्या केसमध्ये यंत्राबरोबर बरंच काही असतं: डबल ए सेलच्या जास्तीच्या जोड्या, यूएसबी केबल, एक जास्तीचं मायक्रोएसडी कार्ड, गाडीच्या काचेला चिकटवायचा माउंट, बारा व्होल्टचा चार्जर, एक छोटी पॉवर बँक आणि पुसायचं फडकं. एवढं सगळं सुखाने नांदेल अशी केस शोधताना मी तीन प्रकार भरपूर वापरले. ईव्हीएची चेनवाली केस, गॅस्केट म्हणजे पाणी अडवणारी रबरी कड लावलेलं कडक प्लास्टिकचं खोकं आणि पारदर्शक खिडकीचा मऊ पाऊच.

रोजच्या कामाला मी ईव्हीएची केस वापरते आणि बहुतेकांना तीच सुचवेन. ईव्हीए म्हणजे एथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, बुटांच्या तळव्यात असतो तोच फोम. त्याचा पत्रा गरम करून साच्यात दाबला की चष्म्याच्या घरासारखं कवच तयार होतं. बाहेरून कापड, आतून मऊ अस्तर आणि तीन बाजूंनी चेन. कवच बोटाने दाबलं तर थोडं दबतं आणि सोडलं की पूर्ववत होतं. हे दबणंच कामाचं आहे, कारण धक्का आत पोचण्याआधी कवचात जिरतो. अजिबात न दबणारं कवच धक्का जसाच्या तसा आतल्या सामानाला देतं, मग आत जाड फोम असावाच लागतो.

या केसची सगळ्यात मोठी उणीव झाकणाच्या आतल्या जाळीच्या खिशात आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येक केसमध्ये सापडते. खिसा झाकणात, यंत्र खाली तळाशी. माणूस स्वाभाविकपणे यंत्र स्क्रीन वर करून ठेवतो आणि खिशात माउंट किंवा चार्जर सरकवतो. झाकण मिटलं की माउंटचा गोळा नेमका स्क्रीनवर येतो. गाडीतल्या बऱ्याच यंत्रांच्या माउंटला १७ मिलिमीटरचा प्लास्टिकचा गोळा असतो. गोल वस्तू टेकते ती एका बिंदूवर, त्यामुळे दाब सगळा तिथेच येतो. त्यावर बॅगेतली वह्या-पुस्तकं आणि पाण्याची बाटली. रेझिस्टिव्ह टचस्क्रीनमध्ये दोन पातळ थर एकमेकांना टेकले की स्पर्श नोंदला जातो, तिथे असा सततचा दाब फारच वाईट. त्या जागी स्क्रीनवर फिकट गोल डाग उमटतो आणि पुढे तिथलं बोट नीट ओळखलं जात नाही.

यावर तोडगा दोन प्रकारचा. यंत्र स्क्रीन खाली करून, तळाच्या गादीकडे तोंड करून ठेवायचं. गादी स्वच्छ आहे ना, एवढं तेवढं बघायचं, कारण रेतीचा एक कण असला तरी ओरखडा ठरलेला. दुसरा आणि अधिक चांगला तोडगा म्हणजे मधोमध जाड पडदा असलेली केसच घेणं. पडदा एका बाजूला शिवलेला असतो, पुस्तकाच्या पानासारखा उलटतो, आणि सामान एकीकडे, यंत्र दुसरीकडे राहतं. तो पातळ कापडाचा असेल तर काहीच उपयोग नाही. आत फोम किंवा ताठ पुठ्ठा आहे का, हे दोन बोटांत धरून वाकवून बघा. माझ्या सध्याच्या केसमध्ये असा पडदा आहे आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी मी तिचे बाकीचे दोष सोसते.

माप हा दुसरा मोठा घोळ. ईव्हीएच्या बऱ्याच केस गाडीतल्या नॅव्हिगेटरच्या मापाने बनवलेल्या असतात. पाच इंची स्क्रीनचं असं यंत्र साधारण १४ सेंटिमीटर रुंद आणि दीड-दोन सेंटिमीटर जाड, म्हणजे चपटं. हँडहेल्डचा आकार अगदी वेगळा. ईट्रेक्स २० हे १०.३ सेंटिमीटर लांब, ५.४ रुंद आणि ३.३ जाड आहे. ते लहान दिसतं, पण जाडीमुळे चपट्या केसमध्ये झाकण वर उचलून धरतं. जीपीएसमॅप ६४ तर अँटेनाचा दांडा धरून १६ सेंटिमीटर लांब आणि ३.६ जाड. 'पाच इंची जीपीएससाठी' असं लिहिलेल्या केसमध्ये हे तिरकं घातलं तरी दांडा कोपऱ्यात अडकतो. दांड्यावर सततचा रेटा पडू देणं मला मान्य नाही. आत गुंडाळीसारखा अँटेना असतो आणि उपग्रह पकडण्याचं सगळं काम त्याचं असतं.

शिवाय कागदावर दिलेलं माप तळाचं की तोंडाचं, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ईव्हीएच्या भिंती सरळ नसतात, आत कललेल्या असतात. तोंडाशी १७ सेंटिमीटर असलेली केस तळाशी १५ भरते. मी मोजते ती अर्ध्या खोलीवर, कारण यंत्राचा सगळ्यात रुंद भाग तिथे येतो. यंत्राभोवती सगळीकडून बोटभर जागा सुटली की माप बरोबर. घट्ट बसणारी केस बघायला छान वाटते, पण वापरात त्रास देते. यंत्र काढताना ओढावं लागतं आणि ओढताना चेनचे दात स्क्रीनवरून जातात. आणखी वाईट म्हणजे घट्ट केसमध्ये पॉवरचं बटण दाबलं जातं. यंत्र बॅगेत आपोआप चालू होतं, उपग्रह शोधत राहतं, आणि पहाटे निघताना सेल रिकामे. कुठलंही नवं हँडहेल्ड केसमध्ये घालण्याआधी बटण कुठल्या कडेला आहे ते बघा आणि ती कड मोकळ्या बाजूला येईल असं ठेवा. लांबच्या प्रवासात तर सेल काढूनच ठेवावेत.

सेलबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण केस बनवणारे त्यांचा विचारच करत नाहीत. डबल ए सेल केसमध्ये सुटे टाकले की ते घरंगळत राहतात. चार्जरची पिन, कॅराबिनर, नाणं, किल्ली यांतलं काहीही दोन टोकांना एकदम टेकलं तर शॉर्ट होऊन सेल तापतो. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल क्षणात बराच करंट देऊ शकतो, त्यामुळे तो जास्तच तापतो. अल्कलाइन सेल जुना झाला की गळतो. गळणारं द्रव्य पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं असतं, ते धातूचे संपर्क खातं आणि हाताला लागलं तर झोंबतं. म्हणून सेलला केसमध्ये स्वतंत्र झाकणाची डबी हवीच. चार सेल मावणाऱ्या पारदर्शक डब्या मिळतात, तीच घ्या आणि केस निवडताना ती डबी बरोबर घेऊन बघा. भरलेले आणि वापरलेले सेल ओळखता यावेत म्हणून मी वापरलेले उलट्या दिशेने ठेवते.

कडक थंडीत जाणार असाल तर लिथियमचे डबल ए सेल सोबत ठेवा. ते शून्याच्या बरेच खालीही काम देतात, अल्कलाइन मात्र गारठ्यात लवकर मान टाकतात. चार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी ज्या यंत्रात आतच बसवलेली आहे, ते शून्याखाली चार्ज करू नये, बॅटरीला कायमची इजा होते. अशा वेळी यंत्र केससकट अंगाजवळ, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावं. ईव्हीएचा फोम इथेही मदत करतो, कारण तो उष्णता सहज जाऊ देत नाही.

उन्हात याची दुसरी बाजू दिसते. उन्हात बंद उभ्या गाडीत डॅशबोर्डवरचं तापमान सत्तर अंशांच्या वर जाऊ शकतं. काळी केस डॅशबोर्डवर राहिली तर आत काय होत असेल ते समजून घ्या. लिथियम-आयनवाली बहुतेक यंत्रं साठ अंशांपर्यंतच ठेवायची असतात. केसचंही नुकसान होतं. अस्तर कवचाला गोंदाने चिकटवलेलं असतं, तो मऊ पडतो आणि कोपऱ्यातून अस्तर सुटायला लागतं. माझ्या पहिल्या केसचं अस्तर असंच निघालं आणि त्याच्या मागे रेती साठत गेली. गाडीत ठेवायचीच झाली तर सीटखाली, सावलीत.

चेनकडे मात्र कुणी बघत नाही आणि केस मरते ती चेनमुळे. चेनवर पाच नंबर असेल तर बंद दातांची रुंदी साधारण पाच मिलिमीटर, आठ असेल तर आठ. पाचच्या खाली जाऊ नका. कोपरे गोल असतात, तिथे चेन वळते आणि तिथेच स्लायडर अडतो. दुकानात केस बंद करून एकाच हाताने, केस न धरता, दोन्ही कोपऱ्यांवरून चेन फिरवून बघा. अडली तर ती रेतीत नक्की अडणार. नंतरची निगा सोपी आहे. जुन्या टूथब्रशने दात कोरडे झाडायचे आणि मेणबत्तीचा तुकडा वरून फिरवायचा. तेल लावू नये, त्यात धूळ चिकटते.

आतला रंग काळा नको, हे मी ठासून सांगते. मायक्रोएसडी कार्ड १५ बाय ११ मिलिमीटरचं आणि एक मिलिमीटर जाड असतं, आणि तेही काळं. काळ्या अस्तरावर ते संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही. त्या कार्डात पूर्ण मोसमाच्या नोंदी असू शकतात. राखाडी किंवा नारिंगी अस्तराची केस मिळाली तर दोन पावलं जास्त चालून तीच घ्या. काळीच मिळाली तर कार्डाच्या प्लास्टिकच्या डबीवर रंगीत टेप लावा.

आता एक गोष्ट, जी केसच्या जाहिरातीत वैशिष्ट्य म्हणून येते आणि जीपीएससाठी सरळ घातक आहे: चुंबकाने मिटणारी झडप. बऱ्याच हँडहेल्डमध्ये इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असतं. त्याचे सेन्सर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतात, आणि ते क्षेत्र फार क्षीण असतं. झडपेतला चुंबक काही सेंटिमीटरवर त्याच्या कितीतरी पट बलवान. केस जवळ असताना दिशा चुकणं हे तर झालंच, पण यंत्रातल्या लोखंडी भागांत थोडं चुंबकत्व मागे राहू शकतं आणि केस दूर केल्यावरही बाण तिरका राहतो. चालत असताना यंत्र उपग्रहांवरून दिशा काढतं, त्यामुळे ही चूक लगेच कळत नाही. थांबून 'आता कुठे वळायचं' असं बघायची वेळ येते तेव्हा बाण भलतीकडे दाखवतो. दाट झाडीत, धुक्यात याची किंमत मोठी. चुंबकाची केस असेल तर ती फोनला द्या. माउंटमध्ये चुंबक असेल तर तो यंत्रापासून लांबच्या खिशात ठेवा. आणि शंका आली की होकायंत्र पुन्हा कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याची दिशा नव्याने जुळवून घ्या. सेल बदलल्यावर, लांबचा प्रवास झाल्यावर, तापमान फार बदलल्यावर ते करावं असं उत्पादकही सांगतात.

ॲल्युमिनियमच्या केसबद्दल थोडक्यात. दिसायला भारदस्त, पण धातू रेडिओलहरी अडवतो. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि तिथून येणारा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत अत्यंत दुबळा झालेला असतो. ईव्हीए, कापड आणि पॉलीकार्बोनेट यांतून तो आत येतो. त्यामुळे ईव्हीएची केस पाठपिशवीच्या वरच्या खिशात, अँटेना आभाळाकडे करून ठेवली तर बंद केसमध्येही वाटेची नोंद चालू राहते. पाऊस जोरात असताना मी हेच करते. ॲल्युमिनियममध्ये हे शक्य नाही, आणि यंत्र आत चालू राहिलं तर न मिळणारे उपग्रह शोधत बॅटरी संपवतं. खऱ्या कार्बन फायबरचीही तीच गत, कारण तोही वीजवाहक असतो.

दुसरा प्रकार कडक खोक्याचा. नदी ओलांडायची असेल, होडीतून जायचं असेल, दिवसभर पाऊस असेल तर याला पर्याय नाही. कारण ईव्हीएचं कवच पाणी आत घेत नसलं तरी चेन आणि शिवण घेतात. 'वॉटर रेझिस्टंट' असं छापलेलं असलं तरी ते शिंतोड्यांपुरतं. खोक्याच्या झाकणाला रबरी ओ-रिंग असते आणि ते खटक्याने दाबून बंद होतं. पेली कंपनीच्या १०६० या छोट्या खोक्याची आतली मापं सुमारे २१ बाय ११ बाय ५.७ सेंटिमीटर आहेत, म्हणजे अँटेनावालं लांब यंत्र सरळ बसतं आणि सेलची डबीही मावते. झाकण पारदर्शक असल्यामुळे आत काय आहे, ओल धरली आहे का, हे न उघडता दिसतं. मला ते फार आवडलं.

अशा खोक्यात दाब समान करणारा व्हॉल्व्ह आहे ना, हे आवर्जून बघा. हवा जाऊ देणारा आणि पाणी अडवणारा. तो नसेल तर काय होतं याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. तीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे ७०० हेक्टोपास्कल, समुद्रसपाटीला सुमारे १०१३. वर बंद केलेलं खोकं खाली आणलं की बाहेरचा दाब सुमारे ३१० हेक्टोपास्कलने जास्त. झाकण २१ बाय ११ सेंटिमीटरचं धरलं तर त्यावर सत्तर किलोहून जास्त वजनाइतका रेटा बसतो. एका सहकाऱ्याच्या व्हॉल्व्ह नसलेल्या खोक्याचा खटका मोकळा झाला तरी झाकण उचललं जाईना, शेवटी चाकूचं पातं रबरात घालावं लागलं. ओ-रिंगला चीर पडली आणि खोक्याचा पाणी अडवण्याचा उपयोग तिथेच संपला. विमानाच्या केबिनमध्येही दाब जमिनीपेक्षा कमी असतो, साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीइतका, म्हणजे हा प्रश्न फक्त डोंगरातला नाही.

हवाबंद खोक्याचा दुसरा धोका आतल्या ओलीचा. लोक म्हणतात, दमट हवा आत कोंडली की गारठ्यात पाणी सुटतं. सुटतं, पण किती? तीस अंशांची, ऐंशी टक्के आर्द्रतेची हवा एका लिटरमध्ये जेमतेम २४ मिलिग्रॅम वाफ धरते. ती दहा अंशांना आली की त्यातलं सुमारे १५ मिलिग्रॅम पाणी सुटतं, एका थेंबापेक्षाही कमी. खरा ओलावा येतो ओल्या दोरातून, दमट फडक्यातून, रबराच्या खाचेत अडलेल्या पाण्यातून. तो ग्रॅममध्ये असतो. म्हणून सिलिका जेलची पुडी टाकून निर्धास्त होण्यापेक्षा दोर वेगळा ठेवणं शंभर पटीने महत्त्वाचं. पुडी ठेवायचीच तर नारिंगी रंगाची घ्या, निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. यंत्र भिजलं असेल तर यूएसबीचं झाकण उघडून, सेल काढून पूर्ण वाळू द्या, मगच खोक्यात घाला. ओल्या पोर्टला चार्जर लावला की पिना गंजतात.

खोक्यात येणारा फोम बघून घ्या. चौकोनी तुकडे उपटून आकार पाडायचा जो फोम असतो, तो सुरुवातीला फार सोयीचा वाटतो. पण तो पॉलीयुरेथेनचा असेल तर काही वर्षांनी दमट हवेत तुटायला लागतो आणि त्याची चिकट पूड बटणांच्या फटींत शिरते. हवेचा दाब मोजून उंची सांगणाऱ्या यंत्रात पाठीमागे एक बारीक छिद्र असतं. ते अशा पुडीने बुजलं की उंचीचे आकडे गोंधळतात. पॉलीएथिलीनचा बंद पेशींचा फोम किंवा रबरी अस्तर जास्त टिकतं. खोकं वजनाने मात्र जड, आणि आत कप्पे नसतात. म्हणून मी ते रोज वापरत नाही.

मऊ निओप्रीनचा पाऊच, समोर पारदर्शक खिडकी असलेला, तो मी आता वापरत नाही. कल्पना चांगली आहे, यंत्र न काढता स्क्रीन वाचता येते. पण हँडहेल्डची स्क्रीन बहुधा ट्रान्सफ्लेक्टिव्ह असते. ती बाहेरचाच उजेड परत फेकून दिसते, म्हणून भर उन्हात उत्तम वाचता येते. खिडकी लावली की उजेड जातानाही तिच्यातून जातो आणि येतानाही. खिडकी थोडी धुरकट झाली तर तोटा दोनदा होतो, आणि पीव्हीसीची खिडकी धुरकट होतेच. थंडीत ती ताठ होते, उन्हात स्क्रीनला चिकटते. सायकलवर किंवा मोटरसायकलवर यंत्र बसवणारे हा पाऊच पावसापुरता वापरतात, तेवढ्याला ठीक. आणि जाता जाता, सिलिकॉनचं कव्हर ही केस नव्हे. पकड चांगली येते, बाकी ते सगळीकडचा कचरा गोळा करतं.

माउंटच्या रबरी कपाबद्दल एक सांगायचं राहिलं. खटका दाबलेल्या स्थितीत किंवा दुमडून तो केसमध्ये राहिला की कडा वाकते, मग काचेला हवाबंद चिकटत नाही. खटका उघडा ठेवा, कपावर त्याचं प्लास्टिकचं झाकण किंवा गुळगुळीत कागद लावा. धूळ बसली असेल तर कोमट पाण्याने धुवून सावलीत वाळवा. केबल गुंडाळताना पिनेच्या मुळाशी घट्ट वळण देऊ नका. मिनी-यूएसबी आणि मायक्रो-यूएसबीच्या केबल तुटतात त्या तिथेच. ईव्हीएच्या केसमध्ये केबल यंत्राभोवती गुंडाळून ठेवण्याचा मोह होतो, पण मग पिन स्क्रीनवर येते. पडद्याच्या पलीकडे, मोठ्या सैल वेटोळ्यात ती जास्त सुखरूप.

विमानाने जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: जास्तीचे लिथियम सेल आणि पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्यावे लागतात, आणि सेलची टोकं एकमेकांना टेकणार नाहीत अशी ठेवावी लागतात. डबी इथेही कामाला येते. सर्वसाधारण मर्यादा शंभर वॉट-तासांची. दहा हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टने गुणली तर ३७ वॉट-तास भरते, वीस हजारांची ७४. म्हणजे दोन्ही चालतात, पण बँकेवरचा आकडा वाचता येईल असा असावा, तपासणीत तोच बघतात. पूर्ण संच एका केसमध्ये असला की तपासणीला ती एकच उघडून दाखवायची. पुस्तकासारखी सपाट उघडणारी ईव्हीए केस इथे खोक्यापेक्षा सरस.

तर सारांशाने कुणी विचारलंच की नेमकी कुठली घेऊ, तर मी तीन प्रश्न उलट विचारते. यंत्र लांब अँटेनाचं आहे की चपटं? गाडीचा माउंट सोबत नेता का? पाण्यातून जाता का? माउंट नेत असाल तर पडद्याची ईव्हीए केस, तोंडाशी निदान १८ सेंटिमीटर लांब आणि बंद झाल्यावर सात सेंटिमीटर तरी खोल. माउंट नेत नसाल आणि यंत्र लहान असेल तर पडदा नसलेली छोटीही चालेल, फक्त सेलची डबी मावली पाहिजे. पाणी असेल तर व्हॉल्व्हवालं खोकं, आणि ओ-रिंग दर मोसमाला काढून, कचरा-काडी झाडून, पुसून परत बसवणं.

केस बनवणाऱ्यांकडून मला एवढंच हवं आहे की वेष्टणावर बाहेरच्या मापाबरोबर आतली दोन मापं छापावीत: तळाची लांबी आणि जाळीचा खिसा भरलेला असताना उरणारी खोली. दुसरं माप मी आजवर कुठल्याच वेष्टणावर पाहिलेलं नाही, आणि माउंटचा गोळा स्क्रीनला टेकणार की नाही हे त्याच मापावरून कळतं. तोवर यंत्र, माउंट, चार्जर आणि सेलची डबी असा सगळा संच बरोबर घेऊनच दुकानात जा, तिथेच भरून, झाकण मिटून, कानाशी धरून हलवून बघा.